बांगडी दोन-दोनची, नट ४३ चा

बांगड्या भरायला बसलं की कासारीण आधी हात बघते. अंगठा तळव्यात दुमडते, गाठींवरून बोटं फिरवते आणि मागे बसलेल्या पोरीला सांगते, "दोन-दोन काढ." म्हणजे दोन इंच आणि वर दोन सोळांश, आतून ५४ मिलिमीटर. लहानच हात म्हणायचा. भुसावळच्या बाजारात माझं माप असं क्षणात ओळखतात. गिटारसाठी मात्र तीन दुकानं पालथी घातली, एकानेही "हात दाखवा" म्हटलं नाही.

घरातली पहिली गिटार लेकीची. २०१४ साली ती अकरावीत असताना ऑनलाइन मागवली होती, स्वस्तातली. सहा महिने वाजली, मग बारावी आली, मग पुणं आलं, आणि गिटार गेली माळ्यावर. आमचा माळा पत्र्याखाली. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असतात तेव्हा तिथे काय होत असेल, ते तिथे विसरलेल्या मेणबत्त्यांना विचारा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीची साफसफाई करताना ती खाली काढली आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला वाटलं, आपणच शिकावी. सासूबाई म्हणाल्या, "या वयात काय वाजवू राहिली, माय!" पण म्हणताना हसत होत्या.

मी शाळेत गणित शिकवते आणि घरी रोज भाकरी थापते. तव्यावरची भाकरी हाताने उलटणाऱ्या बोटांना तारेचं काय भय, असा माझा समज. तो चार दिवस टिकला. साधा सी कॉर्ड, म्हणजे तीन तारा एकदम दाबून वाजवायचा सूरमेळ, धरायचा तर दुसरी तार दाबता दाबता बोटाच्या टोकाला खाच पडायची आणि मनगट असं भरून यायचं, जणू दिवसभर उखळात कांडत होते. नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, हातात घेतली की मुसळ धरल्यासारखं वाटे. सगळे म्हणाले, तुमचे हात लहान, पातळ नेकची गिटार घ्या. मीही तेच धरून बसले. पुढचे दोन महिने मी इंटरनेटवर फक्त "पातळ नेक" शोधत होते.

आमचे हे रेल्वेच्या लोको वर्कशॉपात फिटर होते, आता निवृत्त. कुठलीही गोष्ट जाड आहे की पातळ, असं नुसतं म्हटलेलं त्यांना चालत नाही. "किती?" असं विचारतात. एका रविवारी त्यांनी व्हर्नियर, फट मोजायच्या पातळ पानांचं फीलर गेज आणि स्टीलची सहा इंची पट्टी काढली आणि गिटार ओट्यावर आडवी घातली. मी म्हटलं, आधी नटपाशी मोजा. ते उलटी-पालटी करून बघतात. "बोल्ट कुठाय?" गिटारमध्ये नट म्हणजे डोक्याकडची ती पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात, हे त्यांना समजावण्यात दहा मिनिटं गेली. अजूनही ते तिला "तो तुझा नट" म्हणतात, आणि सासूबाईंना वाटतं सिनेमातलं काहीतरी चाललंय.

तर माप असं निघालं. नटपाशी रुंदी ४४ मिलिमीटर. पहिल्या फ्रेटपाशी, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पहिल्या आडव्या पट्टीपाशी, नेकची जाडी २५. आणि बाराव्या फ्रेटवर जाड तार लाकडापासून नव्हे, फ्रेटच्या डोक्यापासून तब्बल ५ मिलिमीटर वर. तो आकडा बघून मी आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या अंकलना बोलावलं. ते रेल्वेत गार्ड होते, रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवतात, आणि त्यांची मराठी अर्धी हिंदी, अर्धी रेल्वेची. त्यांनी पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून ठेवणारा चिमटा, लावला, शेवटच्या फ्रेटवर जाड तार दाबून धरली आणि ह्यांना म्हणाले, "अब सातवे फ्रेट के पास नापो." फीलरची पानं एकावर एक घालत गेलो तर १.१ मिलिमीटरची फट. तिथे असायला हवी दोन-तीन दशांश. नेक धनुष्यासारखी वाकली होती. सरळ करायला आत लोखंडी ट्रस रॉड असावा लागतो, तो ह्या गिटारीत नव्हताच. पोटाकडे तारा ज्या पट्टीवर टेकतात ते सॅडलही आधीच खाली गेलेलं, आणखी घासायला जागा नाही.

अंकल म्हणाले, "मॅडम, उंगली आपकी ठीक है. गिटार बीमार है."

म्हणजे मी ज्याला जाड नेक म्हणून शिव्या घालत होते, त्यात तीन वेगळी दुखणी होती. रुंदी वेगळी, जाडी वेगळी आणि तारांची उंची वेगळी. रुंदीने बोटं ताणतात, जाडीने अंगठ्याचं मूळ दुखतं, उंचीने टोकं सोलतात. माझी टोकं सोलत होती. हे कळायच्या आधी मी दुकानात गेले असते तर नुसती पातळ काठी विकत घेऊन आले असते.

डिसेंबरात भाचीच्या लग्नाला डोंबिवलीला जायचं होतं. रात्रीच्या गाडीने गेलो आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी ह्यांना घेऊन मुंबईत धोबी तलावला. पर्समध्ये व्हर्नियर. पहिल्या दुकानात, "मुलासाठी का मॅडम?" माझ्यासाठी म्हटल्यावर त्यांनी लहान मुलांची थ्री-फोर्थ गिटार काढून दिली. दुसऱ्या दुकानात म्हटलं, पातळ नेकची दाखवा, तर "ही घ्या, एकदम स्लिम" म्हणून जी काढली ती पोटाने स्लिम होती. यामाहाची एपीएक्स६००. पोट खरंच पातळ, पोटाशी धरायला सुखाची, पण नट ४३ मिलिमीटर, म्हणजे त्याच कंपनीच्या जाड पोटाच्या गिटारीएवढाच. पातळ कशाला म्हणताय ते आधी ठरवा, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं.

कोणीतरी सुचवलं होतं की नायलॉनच्या तारांची घ्या, मऊ असतात. मऊ असतातच. पण क्लासिकल गिटारचा नट ५२ मिलिमीटर असतो. माझी बांगडी ५४! तर्जनी आडवी टाकून एफ कॉर्ड धरायला गेले तर सगळं बोट संपलं तेव्हा कुठे शेवटची तार आली. परत ठेवली.

तिसऱ्या दुकानातला पोरगा बरा होता. त्याने स्टूल दिलं आणि स्वतः बाजूला झाला. तिथे मी दोन तास बसले. कागदावर आकडे बघितले तर बहुतेक सगळ्यांचा नट ४३ च्या आसपास. यामाहाची एफएस८०० घ्या की एफजी८००, नट तोच ४३. मग एकीत हात का सुखावतो? उत्तर लांबीत होतं. नटपासून सॅडलपर्यंत तारेची जी लांबी, तिला स्केल म्हणतात. एफजीची ६५०, एफएसची ६३४. सोळा मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. तिथेच बिलाच्या पाठीमागे गणित केलं. प्रत्येक फ्रेटला उरलेली लांबी दोनच्या बाराव्या मुळाने भागत जायची. पहिल्या चार फ्रेटांचं अंतर एकीत १३४ मिलिमीटर, दुसरीत १३१. टेलरच्या जीएस मिनीचं स्केल ५९७. तिथे तेच अंतर १२३! करंगळीला अकरा मिलिमीटर म्हणजे गावाला जाऊन येण्याएवढं अंतर. शिवाय ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. त्याच तारा, तोच सूर, तर ६३४ वर ताण पाच टक्के कमी, ५९७ वर पंधराच्याही वर. ही छोटी टेलर मला फार आवडली होती. किंमत बघून ह्यांनी व्हर्नियर मिटलं.

जाडीचा आकडा मात्र कुठल्याही पाटीवर नव्हता, तो आम्हीच मोजला. आणि इथे माझा दोन महिन्यांचा हट्ट मोडला. सगळ्यांत पातळ नेक होती ती पहिली पाच मिनिटं लोण्यासारखी वाटली. दहाव्या मिनिटाला अंगठ्याखालचा मांसल भाग आखडला, कारण तळहाताला टेकायला काही उरतच नव्हतं आणि मी चिमटीने पेन धरावं तशी नेक आवळत होते. त्याहून जरा भरलेली, पाठीला इंग्रजी सी अक्षरासारखा गोलवा असलेली, पहिल्या फ्रेटपाशी २१ मिलिमीटरची, तीत अंगठा आपोआप मध्यावर बसला. म्हणून उभ्याने दोन तारा छेडून गिटार ठरवू नका. बसा, दहा मिनिटं एकच अवघड कॉर्ड धरत राहा.

अंकलनी एक युक्ती शिकवून पाठवलं होतं, ती तर प्रत्येकाने करावी. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावायचा आणि तोच कॉर्ड एक घर पुढे वाजवायचा. हात एकदम हलका झाला, तर दोष नेकचा नाही. नटच्या खाचा उथळ आहेत, तारा तिथे उंच बसल्यात. त्या खाचा जाणकाराकडून थोड्या खोल करून घेतल्या की काम होतं. मी नाकारलेल्या दोन गिटारी ह्याच कारणाने नाकारल्या होत्या. परत जाऊन बघितल्या. एक नंतर चांगलीच निघाली.

कोणती घेतली, ते सांगत नाही. माझ्या शाळेतल्या एका बाईंनी माझ्याच नंबरची चप्पल मागवून परत केली होती, तसं व्हायचं. एवढंच सांगते: नट ४३, स्केल ६३४, जाडी २१.

घरी आल्यावर तिच्या तारा बदलल्या. अ‍ॅकॉस्टिकमध्ये बारा गेजच्या, म्हणजे सगळ्यांत बारीक तार इंचाच्या बारा हजारांश जाड असलेल्या, सेटवरच "लाइट" छापलेलं असतं, त्यामुळे मी आधी समजत होते की आपल्या तारा हलक्याच आहेत. अंकलनी अकराचा बसवला. आवाज थोडा कमी झाला, पण मला काय सभागृहात वाजवायचंय?

बाराव्या फ्रेटवर जाड तार २.८ मिलिमीटरवर होती. मला हवी होती २.२. हा माझ्या दहावीच्या वर्गातला समरूप त्रिकोणाचा प्रश्न आहे. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर, तर तिथे ०.६ कमी करायला सॅडल दुप्पट, म्हणजे १.२ घासायचं. ह्यांनी काचेवर पॉलिशपेपर चिकटवला, सॅडल खालच्या बाजूने उभं धरलं आणि घासायला लागले. पांढरी पूड, हाड जळाल्यासारखा वास, मध्येच व्हर्नियर लावून बघणं, पुन्हा आठ-दहा हात. वर्कशॉप सुटल्यापासून इतका खूश माणूस मी बघितला नव्हता. त्या खुशीत १.६ घासलं गेलं. तारा चढवल्या तर जाड तार झर्र करून पत्र्यावर वाटाणे पडल्यासारखी वाजायला लागली.

"आता?"

ते उठले, कपाटातून भाचीची लग्नपत्रिका काढली, कोपऱ्यावर व्हर्नियर लावलं. ०.४! सॅडलच्या रुंदीची पट्टी कापून खाली सरकवली. झर्र गेलं. नवीन सॅडल आणून ठेवलंय, बसवू कधीतरी. तूर्त माझी गिटार चि. सौ. कां.च्या आशीर्वादावर उभी आहे.

उन्हाळ्यात आमच्याकडे वेगळीच कसरत. लाकडाला हवेत ४५ ते ५५ टक्के दमटपणा मानवतो म्हणतात. मे महिन्यात दुपारी कूलर बंद असला की खोली पापडासारखी कोरडी, चालू केला की ओलंगच्च. पहिल्या उन्हाळ्यात नेकच्या कडेने हात सरकवला तर फ्रेटची टोकं टोचली. लाकूड आटलं होतं, धातू थोडाच आटतो. मग कूलरच्या समोर ठेवून बघितली, तर दोन आठवड्यांत पोट फुगलं आणि तारा वर आल्या. आता ती खोळीत घालून मधल्या खोलीत, गव्हाच्या कोठीशेजारी असते, जिथे ना ऊन पोचतं ना कूलर. ट्रस रॉडची ॲलन की मी ह्यांच्यापासून लपवून ठेवलीय. अंकलची सक्त ताकीद आहे, एका वेळी पाव फेऱ्याच्या वर फिरवायची नाही, आणि फिटरचा हात पाव फेऱ्यावर थांबत नसतो.

एफ अजून पूर्ण लागत नाही. पाच तारा बोलतात, दुसरी मुकी राहते.

चैत्रात हळदीकुंकवाच्या आधी कासारणीकडे गेले. तिने डावा हात घेतला, गाठींवरून बोटं फिरवली, मग टोकांवर थांबली. "ताई, शिवणाचं मशीन घेतलं का?" मी सांगितलं. ती हसली, डाव्या हातात सहा भरल्या आणि उजवा मागितला. म्हटलं, उजव्यात नको, वाजवताना लाकडावर घासतात, चरे पडलेत. तिने डझन फोडायला साफ नकार दिला. उरलेल्या सहा मी कागदात गुंडाळून आणल्या. त्या आता गिटारच्या खोळीच्या खिशात, कॅपोसोबत आहेत, आणि पाहुणे आले की तेवढ्यापुरता उजवा हातही भरलेला असतो.