पडद्यावर नेमके काय लिहिले आहे?

काही महिन्यांपूर्वी एका सकाळी मावशीचा फोन आला. "अगं, इंटरनेट पुन्हा बंद पडलंय," ती म्हणाली. आठवडाभरात हीच तक्रार तिने चौथ्यांदा केली होती. तोवर इंटरनेटची जोडणी देणाऱ्या कंपनीचा माणूस राउटर बदलून गेला होता, शेजारच्या मुलाने ब्राउझर काढून पुन्हा टाकला होता, आणि मी फोनवरून "एकदा बंद करून चालू कर" एवढेच सांगितले होते. मदत करणारे आम्ही तिघे होतो, पण मावशीला जो पहिला प्रश्न विचारायला हवा होता, तो आमच्यापैकी एकानेही विचारला नव्हता. त्या सकाळी मी तो विचारला. "पडद्यावर काय लिहिलंय, ते जसंच्या तसं वाच बरं."

मावशीने चष्मा शोधला आणि एकेक शब्द सुटा करून वाचले, "युअर, क्लॉक, इज, बिहाइंड." तुमचे घड्याळ मागे आहे. म्हणजे बिघाड कोठे आहे हे यंत्र रोज सकाळी साध्या शब्दांत सांगत होते. मावशीच्या लेखी मात्र पडद्यावर आलेले कोणतेही इंग्रजी वाक्य म्हणजे 'काहीतरी बिघडले' एवढीच खूण होती, त्यामुळे ती ते वाक्य न वाचताच खिडकी बंद करत होती. खालच्या कोपऱ्यातली तारीख पाहायला सांगितल्यावर ती कित्येक वर्षे मागची निघाली.

पुढचा उलगडा सोपा होता. टेबलावरच्या संगणकात मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, नाण्यासारखी एक छोटी बॅटरी असते. तिचे नाव बहुधा सीआर २०३२ असते. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी या मापांवरूनच तो आकडा आलेला आहे. यंत्राचा वीजपुरवठा पूर्ण तोडलेला असताना आतले घड्याळ या ३ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. मावशीची ती बॅटरी संपली होती आणि मावशीला रोज रात्री भिंतीवरचे बटण बंद करून झोपण्याची सवय आहे. त्यामुळे दररोज सकाळी घड्याळ पुन्हा त्याच जुन्या तारखेपासून सुरू होत असे. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असते, ते कधीपासून कधीपर्यंत वैध आहे हे त्यात नोंदलेले असते आणि ब्राउझर त्या तारखा संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ काही वर्षे मागे असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याला भविष्यातले वाटते आणि तो जोडणी नाकारतो. इंटरनेट ठणठणीत होते. मावशीच्या फोनवर त्याच वायफायने सगळे काही उघडत होते. पण ते कोणी विचारले नाही, म्हणून तिनेही सांगितले नाही. बॅटरी बदलायला दहा मिनिटे लागली. वायर काढायची, झाकण उघडायचे, खटका नखाने बाजूला करून जुनी बॅटरी उचलायची, अधिकचे चिन्ह वर ठेवून नवी बसवायची आणि तारीख एकदा नीट लावायची, एवढेच ते काम होते.

या प्रसंगानंतर मी घरच्या संगणकांच्या तक्रारी वेगळ्या कानांनी ऐकू लागले. आपण मदत मागतो तेव्हा बहुतेक वेळा जे दिसले ते सांगत नाही, त्यावरून काढलेला निष्कर्ष सांगतो. 'इंटरनेट बंद आहे', 'कॉम्प्युटर हँग होतो', 'प्रिंटर गेला' ही सगळी निष्कर्षांची वाक्ये आहेत, आणि ऐकणारा ती खरी धरून चालला की तो चुकीच्या वस्तूची दुरुस्ती करू लागतो. 'काल संध्याकाळपर्यंत छपाई होत होती, सकाळी वीज गेली होती, आता प्रिंटरचा दिवा हिरवा आहे, पण संगणकावर ऑफलाइन असे दिसते' हे निरीक्षण आहे. एवढ्या एका वाक्यात अर्धे निदान होऊन जाते, कारण वीज गेल्यावर राउटर नव्याने सुरू झाला, त्याने प्रिंटरला दुसरा पत्ता दिला आणि संगणक अजून जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत आहे, ही शक्यता लगेच समोर येते. म्हणून पडद्यावरचा संदेश वाचून दाखवणे किंवा फोनने त्याचा फोटो काढून पाठवणे, शेवटचे नीट कधी चालले होते ते आठवणे आणि त्यानंतर घरात काय बदलले ते सांगणे, ही जबाबदारी मदत मागणाऱ्याची आहे असे मला मनापासून वाटते. त्यासाठी तांत्रिक ज्ञान लागत नाही.

मदत करणाऱ्याची जबाबदारी याहून मोठी आहे. "बंद करून चालू कर" हा सल्ला वाईट नाही, पण तो नीट द्यावा लागतो. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून पुढे बहुतेक यंत्रांत 'शट डाउन' केल्यावर प्रणालीचा गाभा पूर्ण बंद होत नाही. यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणून त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. 'रीस्टार्ट' निवडले तरच सगळे खरोखर नव्याने सुरू होते. समोरचा माणूस प्रामाणिकपणे "बंद करून चालू केलं, तरी तसंच आहे" म्हणतो तेव्हा त्याच्यावर चिडण्याआधी त्याने नेमके कोणते बटण दाबले, हे विचारावे.

दुसरी गोष्ट माउसची. आपण कोणाच्या घरी मदतीला जातो, खुर्ची ओढून घेतो, भराभर सात-आठ खिडक्या उघडतो, बिघाड दूर करतो आणि उठतो. ज्याचे यंत्र आहे तो बाजूला उभा राहून फक्त बघत राहतो, आणि पुढच्या वेळी तो पुन्हा तिथेच अडतो. मी आता माउस मावशीच्याच हातात ठेवते आणि शेजारी बसून तोंडी सांगते. वेळ तिप्पट लागतो. पण त्या बोटांना वाट एकदा माहीत झाली की ती राहते. दुरून मदत करायची असेल, तर विंडोजमध्येच 'क्विक असिस्ट' आहे. त्यात मदत करणारा एक कोड देतो, मालक तो आपल्या यंत्रात घालतो आणि पडदा दाखवायला संमती देतो. ताबा देण्याची संमती वेगळी मागितली जाते, म्हणून नुसता पडदा पाहूनही मार्गदर्शन करता येते. शक्य तेथे मी तेवढ्यावरच थांबते.

मदतीच्या नावाखाली होणारे खरे नुकसान मात्र खात्यांच्या बाबतीत होते, आणि ते चांगल्या मनाची माणसे करतात. नवा फोन किंवा लॅपटॉप घेतला की घरातला जाणता माणूस तो 'सेट' करून देतो. घाईत तो स्वतःचाच ईमेल घालतो, पासवर्ड स्वतःच ठरवतो आणि खाते परत मिळवण्यासाठी स्वतःचाच मोबाइल क्रमांक देतो. दोन वर्षांनी त्या फोनवर 'तुम्हीच आहात याची खात्री करा' असा संदेश येतो, आणि खातरजमेचा कोड जातो दुसऱ्याच गावी राहणाऱ्या भाच्याकडे. लॅपटॉपचे तर याहून अवघड आहे. पुष्कळ नव्या विंडोज यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि एखाद्या दुरुस्तीनंतर किंवा मोठ्या अपडेटनंतर यंत्र अचानक ४८ अंकी किल्ली मागू शकते. ती किल्ली सहसा यंत्र सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ते खाते कोणाचे होते, हेच आठवले नाही, तर आतले फोटो आणि कागदपत्रे समोर असूनही हाती लागत नाहीत. यंत्र ज्याचे, खाते त्याचेच असले पाहिजे, आणि पासवर्ड त्याच्या वहीत त्याच्याच अक्षरात लिहिलेला असला पाहिजे. घरातल्या कपाटात ठेवलेली कागदी वही मला सहज स्मरणाबाहेर जाणाऱ्या पासवर्डपेक्षा कितीतरी सुरक्षित वाटते.

न मागता येणाऱ्या मदतीबद्दल मी घरात सगळ्यांना एकच खूण सांगून ठेवली आहे. संपर्क कोणी सुरू केला, ते पाहा. 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा' असा पडदाभर इशारा अचानक आला, तर तो खोटा समजावा. आपल्या खऱ्या इशाऱ्यांत फोन क्रमांक कधीच नसतो, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केलेले आहे. असे भामटे ताबा मिळवल्यावर बहुधा 'इव्हेंट व्ह्यूअर', म्हणजे संगणकातल्या घडामोडींची विंडोजने ठेवलेली नोंदवही, उघडून त्यातल्या लाल आणि पिवळ्या नोंदी दाखवतात. तशा नोंदी पूर्ण निरोगी संगणकातही ढिगाने असतात, त्यामुळे त्या पाहून घाबरण्याचे काहीच कारण नाही. इशाऱ्याची खिडकी बंद होत नसेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर या चालू प्रोग्रॅमच्या यादीतून ब्राउझर बंद करावा.

यंत्र दुकानात द्यायची वेळ आली, तर आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी. दुरुस्तीसाठी पासवर्ड मागितला जातो तेव्हा पुष्कळांना संकोच होतो, आणि तो रास्तही आहे. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये 'मेंटेनन्स मोड' आणि गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये 'रिपेअर मोड' अशी सोय आहे. ती चालू केली की फोन तपासता येतो, पण आपले संदेश आणि फोटो दिसत नाहीत.

गेल्या आठवड्यात मावशीचा पुन्हा फोन आला. बिनतारी माउस अडखळत होता. "कालपर्यंत बरा होता, काल ती नवी हार्ड डिस्क लावली, तेव्हापासून असं होतंय," हे तिने मी काही विचारण्याआधीच सांगितले. यूएसबी ३ ची उपकरणे आणि त्यांच्या वायरी चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात, आणि बहुतेक बिनतारी माउस त्याच लहरींवर बोलतात. डिस्क मागच्या बाजूला आणि माउसचा छोटा रिसीव्हर पुढच्या बाजूला लावायला सांगितला, तिने तो फोन चालू असतानाच लावला, आणि बाण सरळ फिरू लागला. तिच्या ईमेलच्या खात्यात मात्र अजूनही माझाच क्रमांक आहे. तो बदलायला मी रविवारी तिच्याकडे जाणार आहे, आणि वही काढून ठेव असे तिला सांगून ठेवले आहे.