जुलैतला गालिचा आणि घरातली दोन कुत्री

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हॉलला सहा बाय चारचा गालिचा आणि घरात दोन कुत्री. एप्रिल-मेमध्ये वासाचा मागमूस नव्हता. जूनमध्ये पाऊस लागला आणि मार्चमध्ये 'स्वच्छ' केलेला कोपरा पुन्हा दरवळू लागला. लघवी वरून पुसली जाते, पण तिच्यातला युरिया आणि क्षार धाग्यांच्या बुडाशी सुकून बसतात. हवा दमट झाली की ते ओल धरतात, जिवाणू कामाला लागतात आणि अमोनिया सुटतो. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हे लपून राहतं, इतकंच.

मार्चमध्ये गालिचा साफ करणाऱ्या माणसाने त्यावर वाफेचं मशीन फिरवलं होतं. लघवीच्या डागावर वाफ नको. उष्णतेने डाग आणि वास धाग्यात पक्का बसतो. काळं फिनेल तर मुळीच नको. त्यातले फिनॉल कुत्र्याच्या पंजाला लागतात आणि चाटताना पोटात जातात. अमोनिया असलेल्या क्लीनरचा वास कुत्र्याला लघवीसारखाच वाटतो आणि ते पुन्हा तिथेच जाण्याची शक्यता असते.

आधी गालिचा कशाचा आहे ते पाहिलं. कडेचा एक धागा उपटून, सिंकवर चिमट्यात धरून जाळला. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरली, तर लोकर. वितळून कडक मणी झाला, तर पॉलिप्रॉपिलीनसारखा कृत्रिम धागा. कागद जळल्यासारखा वास म्हणजे ताग किंवा सूत. आमच्याकडे मणी झाला. ही परीक्षा टाळू नये, कारण लघवीच्या डागावर वापरतात त्या बहुतेक एन्झाइम क्लीनरमध्ये (डागातले घटक तोडणारं द्रावण) प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं आणि लोकर हे प्रथिनच आहे. लोकरीसाठी बाटलीवर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच वापरायचं. नाहीतर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग गार पाणी. तेही आधी कोपऱ्यावर लावून पांढरा रुमाल दहा मिनिटं दाबून ठेवायचा. रुमालावर रंग उतरला, तर थांबायचं. ताग फार भिजला की वाळताना तपकिरी डाग उमटतात, त्याला शक्यतो कोरडंच साफ करावं.

रात्री दिवे घालवून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवला. जुनी लघवी पिवळट-हिरवट चमकते. धुण्याच्या पावडरचा अंशही चमकतो, पण निळसर पांढरा, त्यामुळे प्रत्येक चमक म्हणजे गुन्हा नव्हे. खडूने गोल काढले आणि गालिचा उलटा केला. वर वाटीएवढा दिसणारा डाग मागे ताटलीएवढा होता. साफसफाई फसते ती इथेच: औषध वरच्या डागापुरतं पडतं आणि खालचा घेर तसाच राहतो. २५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर लघवी होते, एका वेळी कपभर सहज. मग दोन-चार फवाऱ्यांनी काय होणार?

आधी जुना साबण काढला, कारण उरलेला डिटर्जंट एन्झाइमच्या कामात आडवा येतो. एक कप गार पाणी ओतलं, जुन्या सुती पंचाच्या चार घड्या घालून त्यावर उभं राहिलो, भिजला की कोरडी बाजू. घासायचं नाही, घासल्याने डाग पसरतो आणि धागे पिंजतात. मग एन्झाइमचं द्रावण मागच्या घेरापर्यंत पोहोचेल इतकं ओतलं आणि वर प्लास्टिकची जाड पिशवी पसरून कडांना वजन ठेवलं. एन्झाइम ओलं असेपर्यंतच काम करतं. पंख्याखाली तासाभरात वाळलं, तर पैसे वाया. ताज्या डागाला बाटलीवर लिहिलेला वेळ पुरतो, जुन्याला मी रात्रभर ठेवतो. सकाळी पंचाने टिपून घ्यायचं, अर्धा लिटर गार पाण्याने खळबळवायचं, पुन्हा टिपायचं. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल, तर शेवटचं पाणी आरओ फिल्टरचं घ्यावं, नाहीतर वाळल्यावर धागे कडक होतात.

पुण्यात खरी परीक्षा वाळवण्याची. जुलैत गच्चीवर टाकायची सोय नाही आणि फरशीवर ओला गालिचा म्हणजे बुरशीला आमंत्रण. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर आडवा टाकला आणि टेबलफॅन खालच्या बाजूला लावला. मागची बाजूच शेवटी वाळते. चोवीस तासांत हाताला गार लागायचं थांबलं पाहिजे. डागाच्या जागी पांढरं कोरडं फडकं आणि त्यावर दोन जाड पुस्तकं ठेवली. वाळताना खालचा मळ धाग्यातून वर चढतो आणि तिसऱ्या दिवशी डाग 'परत आला' असं वाटतं. तो मळ फडक्यात यावा म्हणून हा उद्योग. एका डागाला दोन फेऱ्या लागल्या, बाकीचे एकात गेले.

केसांचं काम सोपं आहे. फरशीचा रबरी वायपर गालिच्यावर एकाच दिशेने आपल्याकडे ओढायचा, केसांच्या वळकट्या निघतात. त्यानंतरच व्हॅक्यूम, हळू आणि उभा-आडवा. केस आधी काढले नाहीत तर ब्रशला गुंडाळतात. धुतलेला फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय बसवला, तर ओल्या कुत्र्याचा वास घरभर फिरतो. बेकिंग सोडा टाकायचा असेल, तर कुत्री दुसऱ्या खोलीत बंद करून. जास्त प्रमाणात चाटला गेला तर त्रास होतो.

पिसवा आणि गोचीड वेगवेगळे हाताळावे लागतात. पिसवांची अंडी कुत्र्यावरून घरंगळून गालिच्यात पडतात आणि त्यांचे कोश काही महिने तग धरतात. व्हॅक्यूमचा हादरा आणि ऊब मिळाली की ते फुटतात, म्हणून पहिल्या आठवड्यात पिसवा वाढल्यासारख्या दिसतात. रोज व्हॅक्यूम चालू ठेवायचं, पिशवीला गाठ मारून लगेच घराबाहेर, आणि त्याच काळात कुत्र्यांना डॉक्टरांनी दिलेलं औषध, दोन-तीन महिने न चुकवता. गोचीड मात्र भिंतीवर चढतात. गालिचा उचलून भिंतीलगतच्या फटी, पडद्यांच्या घड्या आणि दाराच्या चौकटी तपासायच्या. कसर लागू नये म्हणून लोकरीच्या गालिच्यात डांबरगोळ्या घालायची सवय असेल, तर घरात कुत्रं असताना ती सोडावी. त्या त्याच्यासाठी विषारी आहेत. त्याऐवजी गालिचा महिन्यातून एकदा उलटा करून धोपटावा, मागच्या बाजूलाही व्हॅक्यूम मारावा.

सध्या दाराजवळ, ओले पंजे पडतात तिथे, सोलापुरी सतरंजी आहे. ती बादलीत मावते.