पत्रा गप्प झाला, घरघर तशीच

आवाज कमी व्हावा म्हणून दोन शनिवार-रविवार खपून जुन्या कॅम्पर व्हॅनला आतून ब्यूटाइलच्या (चिकट रबराच्या, वरून ॲल्युमिनियम लावलेल्या) शीट चिकटवल्या. गाडी रस्त्यावर काढली, ताशी ८० ला पोचलो, आणि शेजारून बायकोने विचारलं, "चिकटवल्या आहेस ना नक्की?"

शीट विकणाऱ्याने "इंच न् इंच झाका" असं बजावलं होतं. मी झाकला. आठवलं की अजून चिडचिड होते. पत्र्यावर टिचकी मारली की आधी रिकाम्या डब्यासारखा टणटणायचा, आता नुसता ठक्. म्हणजे शीटने तिचं काम चोख केलं होतं. पण तिचं काम पत्र्याची थरथर मारणं, तेवढंच. सपाट पत्र्याच्या मधोमध पाव ते तृतीयांश भाग झाकला तरी पुरतं. बाकी मी गाडीवर निव्वळ वजन चढवलं. हवेतून आत शिरणारा आवाज तिने जेमतेम अडतो.

मग पाच संध्याकाळी तो आवाज शोधण्यात गेल्या. पाचव्या दिवशी अंधारात मी आत बसलो आणि बायकोला गाडीखाली टॉर्च फिरवायला सांगितलं. ड्रायव्हर सीटखाली उजेडाची टिकली दिसली! कधीतरी कुणीतरी वायर ओढली होती, भोकाचं रबरी ग्रॉमेट, म्हणजे वायरीभोवती बसणारी कडी, गायब. एवढ्याशा भोकातून टायरची घरघर आत. सरकत्या दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावलं. खालच्या कोपऱ्यात पट्टी ओढताच अलगद निघून आली, म्हणजे रबर तिथे टेकतच नव्हतं. भोक बुजवलं, रबर बदललं. निम्मी कटकट तिथेच संपली.

उरलेली चाकांवरच्या कमानींतून येत होती. तिथे बंद पेशींचा (पाणी न शोषणारा) फोम आणि त्यावर चौरस मीटरला सुमारे ५ किलोचं जड व्हिनाइल. ते वळवताना घाम फुटतो, म्हणून आधी पुठ्ठ्याचा साचा कापा आणि सांधे टेपने बंद करा. स्पंजसारखा फोम नको, तो पाणी धरतो आणि खाली पत्रा गंजतो.

हो, हे आधीच सांगायला हवं होतं: शीट लावण्यापूर्वी गंज खरवडा, पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवू नका. हातमोजे घाला. शीटवरच्या ॲल्युमिनियमच्या कडेने माझी तीन बोटं कापली.

आता बायकोची तक्रार कपाटातल्या चमच्यांबद्दल आहे. ते आधीही वाजत असणारच.