मेंढा (लेखा): बांबूचा हक्क आणि टीपीचं पुस्तक

गडचिरोलीहून धानोऱ्याची बस धरली की तीसेक किलोमीटरवर मेंढा. कंडक्टरला नुसतं 'मेंढा' सांगून भागत नाही. या नावाची गावं बरीच, म्हणून शेजारच्या लेख्याचं नाव जोडायचं. शंभरेक घरांची गोंड वस्ती. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही इथलीच घोषणा. घोषणा सगळ्यांनी ऐकलेली असते. आम्ही सांगू की टीपीचं पुस्तक बघा.

टीपी म्हणजे वाहतूक परवाना. किती नग, कोणत्या गाडीत, कुठून कुठे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेला 2009 मध्ये सुमारे 1809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण हा कागद वनखात्याच्याच हातात राहिला. बांबू तोडा हवा तेवढा, नाक्यापुढे नेऊ नका! खात्याचा आधार 1927 चा वन कायदा. त्यात बांबू 'झाड', म्हणजे लाकूड. वनहक्क कायद्याच्या व्याख्येत तर बांबू गौण वनउपज, म्हणजे ग्रामसभेच्या हक्काचा, म्हणून नावानिशी लिहिलेला. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत, टीपीचं पुस्तक ग्रामसभेकडे दिलं. 2012 च्या नियमदुरुस्तीनं तो अधिकार सगळ्याच ग्रामसभांच्या समित्यांना आला. जुन्या कायद्यातलं 'झाड' खोडायला मात्र 2017 उजाडलं.

आता जंगलात. इथला बांबू म्हणजे मानवेल जातीचा. पावसाळ्यात नवे वास्ते, म्हणजे कोंब, फुटतात ते बेटाच्या कडेनं, त्यामुळे कोवळा बांबू बाहेर आणि जून बांबू मधे गुंतलेला. तोडायचा असतो मधला. म्हणून एका बाजूनं वाट करून आत शिरायचं. वरून पाहिलं तर बेट घोड्याच्या नालेसारखं दिसायला हवं. घाव जमिनीपासून वीतभर वर, गाठीच्या अगदी लगत. गाठ सोडून मधेच तोडला तर खुंटाची नळी उघडी राहते, पाणी साचतं, कीड शिरते. कोवळ्यांना वाऱ्यात टेकू म्हणून दर बेटात आठेक जून बांबू ठेवायचे, आणि एकदा तोडलेल्या भागात साधारण तीन वर्षांनी परतायचं. पावसाळ्यात तोड बंद.

बिघडतं ते मजुरीच्या हिशेबापाशी. मजुरी नुसती नगावर ठेवली की हात आपसूक कडेच्या सोप्या बांबूकडे जातो, आणि मधला जून तसाच वाळतो. कंबरेएवढे खुंट दिसले की समजावं, घाई झाली. त्यामुळे थप्पीवर नग मोजणारा आणि बेट तपासणारा ही दोन वेगळी माणसं असलेली बरी. मानवेलीला एकगठ्ठा फुलोरा आला तर हिशेब वेगळा: बेटं मरतात, पण बी गळून पडेपर्यंत कोयता लावायचा नाही आणि वणव्याची राखण दुप्पट.

मेंढ्यात निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. एकाचंही मन वळलं नाही की विषय पुढच्या बैठकीत. खरेदीदाराला हे फार छळतं, कारण त्याला भाव आजच ठरवून हवा असतो. आमच्या मते ग्रामसभेची खरी ताकद याच उशिरात आहे.

इथून दक्षिणेला एटापल्लीकडे गेलात तर सुरजागडचं लोहखनिज लागतं. वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला बांबू, तेंदू, मोह दिला. जमिनीखालचं लोखंड त्यात नाही. तिथल्या ट्रकांना ग्रामसभेची टीपी लागत नाही.