कार्तिकातली वाट

आमच्याकडची माणसं आषाढीला पंढरपूरला फारशी जात नसत. आषाढ म्हणजे आवणी, भाताची लावणी. गुडघाभर चिखलातली रोपं टाकून निघणार कोण? ठाणे-रायगडच्या किती तरी आगरी-कोळी गावांची पायी वारी म्हणूनच कार्तिकातली, वद्य एकादशीला आळंदी गाठणारी. भात कापून झोडून झालं, उडव्या रचल्या, की माणूस मोकळा.

आता घणसोलीत आमचं शेत नाही. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी गेल्या, त्यात आजोबांची खाचरंही गेली. खाडी अडवणारे बांध, पलीकडची मिठागरं हे सगळं मी फक्त ऐकलंय. दिंडी मात्र अजून कार्तिकातच निघते. यंदा मी पहिल्यांदा गेले, आजीसोबत. तिला विचारलं, आता आषाढीला जायला काय हरकत आहे? ती म्हणाली, "आवणीच्या दिवसांत घर सोडायचं नाय, येवढंच मला ठावं."

पनवेलपर्यंतची वाट गाड्यांची आणि धुळीची. तिथे मुक्कामाला एका काकांनी खाऱ्या जमिनीतल्या शेतीचा विषय काढला. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रातून खाऱ्या मातीत तग धरणारी भाताची वाणं निघाली, पनवेल-1, पनवेल-2 अशी. काका त्यांची नावं घरच्या बैलांची घ्यावीत तशी घेत होते.

चौकच्या आसपास खरी शेतं लागली. भात निघालेलं, आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर पेरलेला वाल नुकता वर आलेला. त्याला वेगळं पाणी लागत नाही, हे मला तिथे कळलं. आमच्या नळाला येणारं पाणीही याच भागातलं, धावरी नदीवरच्या मोरबे धरणाचं. इतकी वर्षं मी ते प्यायले आणि ते येतं कुठून ते बघायला कधी आले नव्हते, याची लाज वाटली.

खोपोलीला पहाटे काकडा झाला आणि घाटाच्या पायथ्याशी वीजघराचे मोठाले पाइप दिसले. 1915 पासून लोणावळा-वळवणच्या तलावांचं पाणी इथे उतरतं, वीज करतं आणि पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीकडे जातं. ते पाणी मूळचं इंद्रायणीच्या खोऱ्यातलं. आम्ही इंद्रायणीला भेटायला घाट चढत होतो आणि तिचं पाणी शंभरावर वर्षं खाली कोकणात उतरत होतं! मी हे आजीला सांगितलं. तिने टाळ काखेत धरले, पाइपांकडे तोंड करून हात जोडले आणि चढायला लागली. खंडाळ्यापर्यंत ती कुणाशी बोलली नाही.

घाटावर हवा बदलली. कार्ल्याला एकवीरेच्या डोंगराला खालूनच नमस्कार केला; आमची कुलदेवता ती, चैत्रात पालखी घेऊन तिच्याकडे वेगळं यायचं असतं. पुढे मावळभर मळण्या चालू होत्या. वडगावच्या संशोधन केंद्रात आंबेमोहराच्या संकरातून तयार झालेला इंद्रायणी तांदूळ इथे घरोघरी. नव्या पेंढ्याचा वास नाकात असा बसला, की हरिपाठ म्हणतानाही तोच येत राहिला.

कामशेतच्या पुढे एका खळ्यावर चहा मिळाला. तिथल्या मावशींनी विचारलं, "कुठल्या गं तुम्ही? खालच्या ना?" आजीने गावाचं नाव सांगितलं आणि न विचारताच पुढे म्हणाली, "आमचं पण भात होतं." मावशी गप्प राहिल्या. मग उठल्या आणि मूठभर लोंब्या आणून तिच्या पदरात घातल्या.

देहू करून आळंदीला पोहोचलो. एकादशीची गर्दी, इंद्रायणीत स्नान, घाटावर मिळेल त्या जागेत झोप. त्रयोदशीला, माउलींनी 1296 मध्ये समाधी घेतली त्या तिथीला, दुपारी फुलं उधळली तेव्हा आजीच्या पदराची गाठ तशीच होती. देवळात लोंब्या वाहिल्या नाहीत. मला वाटलं, विसरली.

घरी आल्यावर तिने गाठ सोडली. चौकटीला लोंब्या बांधण्याआधी एक दाणा दाताखाली फोडून पाहिला.

"अजून ओला हाय," ती म्हणाली. "दोन दिस उन्हात ठेव."