उधाणाच्या दुपारी खाडीत शिरू नका

पावसाळा सरला की कोकणातली सकाळ नवख्या शीडवाल्याला फसवते. मतलई वारा मंद, पाणी सपाट. दुपारी मात्र वायव्येचा खारा वारा भरतो. मांडव्याहून दक्षिणेला मुरुडकडे उतरताना तो पाठीशी असतो, परतताना नाकावर. टॅक मारत, म्हणजे वाऱ्याला तिरकं नागमोडी, यायचं तर अंतर जवळजवळ दीडपट होतं, आणि तोवर पोरांना बोट लागलेली असते. म्हणून पहिल्या फेऱ्यांत आधी उत्तरेला चढा, घरी येताना उतरा.

उतरताना धोका बूमचा, म्हणजे मोठ्या शिडाच्या तळाच्या आडव्या काठीचा. सुकाणू जरा चुकलं की वारा शिडाच्या मागून शिरतो आणि बूम झटक्यात पलीकडे जातो. डोकं वाटेत असेल तर फुटतं. घरची माणसं बरोबर असतील तर मोठं शीड उतरवून नुसत्या जिबवर, म्हणजे पुढच्या लहान शिडावर, या. वेग कमी मिळेल, मिळू दे.

खरी मेख खाडीच्या तोंडाशी. तिथे वाळूचा दांडा असतो. ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, वायव्येची लाट आत येते, आणि दांड्यावर लाटा उभ्या राहून फुटतात. भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट. अष्टमीला 6 च्या सुमारास भरती, म्हणजे दुपारभर पाणी चढतं. 3 नंतर खुशाल शिरा. पौर्णिमा-अमावास्येला ती साधारण बाराला, म्हणजे जोराचा वारा आणि उधाणाची ओहोटी नेमकी एकत्र. त्या दिवशी बाराच्या आत परता, नाहीतर निघूच नका. (हिशेब ढोबळ आहे, भरती-ओहोटीचा तक्ता पाहाच.) चढत्या पाण्यात तळ टेकला तर पाणीच उचलतं, ओहोटीत रुतलात तर पुढच्या भरतीपर्यंत बोट तिरपी.

नांगराचा दोरही भरतीचं पाणी धरून मोजा. ओहोटीला खोली 3 मीटर, वर चढणारं पाणी 3, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची 1: झाले 7. साखळी असेल तर पाचपट, 35 मीटर. दोर असेल तर सातपट, 49. ओहोटीच्या मापाने सोडलेला नांगर रात्री सरकतो.

लाइफ जॅकेट धक्क्यावरच घाला. मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधला पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात ते डोक्यावरून निघतं. कुणी पडलं तर एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं. इंजिन सुरू करण्याआधी पाण्यात लोंबणारे दोर ओढून घ्या, नाहीतर पंख्यात अडकतील. मदतीसाठी व्हीएचएफ रेडिओचा चॅनल 16, आणि फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा 1554.