वजन किती, त्याआधी वजन कुठे

हिमालयातल्या ट्रेकच्या तयारीसाठी पर्वती नाहीतर सिंहगड चढणारी मंडळी मला हमखास विचारतात, "६ किलोची सॅक घेतली तर काही होत नाही, पण ६ किलोचीच वेटेड व्हेस्ट (वजन भरलेलं बिनबाह्यांचं जाकीट) घातली की मान भरून येते. असं का?" म्हणून जरा सविस्तर सांगते.

ताठ उभं असताना आपला गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या थोडा खाली, ओटीपोटात असतो. ६० किलोच्या माणसाने ६ किलो वजन पाठीवर, या मध्याच्या १५ सेंटीमीटर मागे घेतलं, तर एकूण मध्य सुमारे १.४ सेंटीमीटर मागे सरकतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढ्यानेही शरीर पुढे झुकून तोल सावरतं. तेच वजन पुढे ३ आणि मागे ३ किलो असं विभागलं, की कावडीसारखा दोन्हीकडून तोल साधतो आणि ताठ चालता येतं. व्हेस्टचा खरा फायदा हा आहे.

मग मान का दुखते? चांगल्या सॅकला कमरेचा पट्टा असतो आणि बराचसा भार तो कमरेच्या हाडांवर घेतो. बहुतेक व्हेस्टना तो नसतोच. सगळं वजन खांद्यांवर, म्हणजे खांद्यापासून मानेपर्यंत जाणाऱ्या स्नायूवर लटकतं. त्यात पट्टे अरुंद असले तर ते रुततात, आणि व्हेस्ट सैल असली तर प्रत्येक पावलाला उचलून खाली आदळते. बोटांना मुंग्या आल्या तर लगेच उतरवा. पट्टा मज्जातंतूवर दाबतोय.

विकत घेताना मी लोखंडी तुकड्यांचीच घ्या म्हणते. वाळूच्या व्हेस्टमध्ये वाळू हळूहळू कोपऱ्यात साचते, मग एक खांदा जड होतो. तुकडे मात्र हवे तसे हलवता येतात. आधी वरचे कप्पे रिकामे करा, तुकडे खालच्या कप्प्यांत घाला, पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे सारखे. वजन छातीवर जितकं उंच, तितकं धड कललं की ते आणखी ओढतं. बाजूचे पट्टे छातीभर श्वास घेऊन मगच आवळा, नाहीतर चढावर बरगड्यांना फुलायला जागा उरत नाही. मग जागच्या जागी दोन-चार हलक्या उड्या मारून बघा. व्हेस्ट अंगाबरोबर हलली पाहिजे, मागाहून नाही. बायकांनी समोरून मधे मोकळी असलेली व्हेस्ट बघावी; सरळ कापाची छातीवर नीट बसत नाही आणि काखेत काचते.

सुरुवात अंगच्या वजनाच्या ५ टक्क्यांनी करा. पाठीचं किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. उतरताना मात्र मला व्हेस्ट आवडत नाही. पुढचे तुकडे जाड असले तर पायाखालची पायरी दिसत नाही, आणि गुडघ्यांवर एरवीच बराच भार येत असतो, त्यात हे वजन. गुडघे कुरकुरत असतील तर सिंहगडाला सॅकच न्या, वजनासाठी पाण्याच्या बाटल्या भरा आणि वर पोचल्यावर पाणी झाडांना घाला.